पावसाळी हवेत स्नॉर्कलिंग करताना दर वेळी काच धुरकट होते, काय करायचं? (समस्या निवारण)

एप्रिल-मेच्या सुट्टीत नाशिकहून अंदमानला जाणारे आता खूप झालेत, आणि परत आल्यावर बहुतेकांची तक्रार एकच असते, की अहो स्नॉर्कलिंगचे, म्हणजे डोळ्यांवर काचेचा मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघायचे, पैसे भरले, बोटीने गेलो, पाण्यात उतरलो, पहिली दोन मिनिटं झक्कास दिसलं आणि मग सगळं पांढरं. मास्क काढा, बोटाने पुसा, घाला, परत पांढरं. गाईड म्हणतो थुंकी लावा, शेजारचा म्हणतो टूथपेस्ट लावा, कोणी म्हणतं मास्कच फालतू आहे, आणि या सगळ्यात वेळ संपतो आणि खाली मासे होते की नव्हते तेच कळत नाही. पुढच्या वर्षी नवीन मास्क घेऊन जातात तरी तेच.

मला विचाराल तर उपाय सगळ्यांना माहीत असतात, पण नक्की काय बिघडलंय ते कोणी बघत नाही. "धुरकट दिसतंय" यात तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे काचेच्या आतून धरलेली वाफ, दुसरी म्हणजे काचेवर बसलेला तेलाचा किंवा सनस्क्रीनचा थर, आणि तिसरी म्हणजे काच एकदम स्वच्छ आहे पण समोरचं पाणीच गढूळ किंवा हलतंय. पावसाच्या दिवसात तिन्ही एकदम होऊ शकतात आणि म्हणूनच गोंधळ उडतो, कारण तिसऱ्या कारणावर तुम्ही कितीही टूथपेस्ट घासा, काहीही फरक पडणार नाही.

ओळखायचं कसं तर सोपं आहे. पाण्यात असताना धुरकट वाटलं की डोकं वर काढा आणि मास्क न काढता बोटीकडे किंवा किनाऱ्यावरच्या माडांकडे बघा. हवेतही धुरकट दिसतंय म्हणजे दोष काचेत आहे, आणि हवेत लख्ख दिसतंय पण पाण्यात गेल्यावर पुसट, म्हणजे दोष पाण्यात आहे. काचेत असेल तर जवळून बघा, आतून बारीक बारीक थेंब दिसले तर वाफ, आणि थेंब नसून फराटे किंवा इंद्रधनुष्यासारखी झाक असेल तर तेल. हे दहा सेकंदांचं काम आहे आणि त्याने पुढचा अर्धा तास वाचतो.

आता वाफ का धरते ते नीट समजून घ्या कारण सगळा उपाय त्यावरच आहे. चेहऱ्याची कातडी साधारण ३३-३४ अंश असते, मास्कच्या आतली हवा तुमच्या घामाने आणि श्वासाने पूर्ण दमट झालेली असते, आणि काचेच्या पलीकडे समुद्राचं पाणी असतं, अंदमानला त्या दिवसात २८ ते ३० अंशांच्या आसपास. म्हणजे काच चेहऱ्यापेक्षा नेहमीच गार. गार काचेवर दमट हवेतलं पाणी जमणारच, ते कोणी थांबवू शकत नाही. पावसात तर अजून, कारण तुम्ही डोकं वर काढता तेव्हा पावसाचे गार थेंब थेट काचेवर पडतात, वारा लागतो, काच अजून गार होते आणि परत खाली बघितलं की पांढरी. त्यामुळे बाष्प जमू नये यासाठी धडपडायचं नाही, जमलेलं पाणी थेंबाथेंबाने न राहता काचेवर सपाट पसरावं एवढंच बघायचं. सपाट पसरलेल्या पाण्यातून आरपार दिसतं, थेंबांमधून दिसत नाही. शाम्पू असो की थुंकी, दोन्ही हेच करतात, पाण्याचा ताण कमी करून त्याला पसरायला लावतात. पण काचेवर आधीच तेलकट किंवा सिलिकॉनचा थर असेल तर पाणी पसरत नाही, गोळा होतं, आणि मग वरून काहीही लावा, पाच मिनिटांत परत तेच.

म्हणून नवीन मास्क असेल तर आधी घरी, नाशिकलाच, घासून घ्यायचा. कारखान्यातून येताना काचेवर सिलिकॉनचा पातळ थर असतो, डोळ्याला दिसत नाही पण असतो. साधी पांढरी टूथपेस्ट घ्या, जेलवाली नको आणि ती कोळसा-मीठवाली खरखरीत तर अजिबात नको, कोरड्या काचेवर आतून लावा आणि बोटाने गोल गोल घासा, चांगली दोन-तीन मिनिटं, कडेला रबराला काच चिकटते तिथे विशेष लक्ष द्या कारण थर तिथेच उरतो आणि वाफ तिथूनच सुरू होते. धुवा, परत लावा, परत घासा. झालं का ते तपासायला काचेवर तोंडाने हाऽऽ करून वाफ सोडा, ती एकसारखी येऊन पटकन गेली तर काच तयार, आणि ठिपके ठिपके राहिले तर अजून एक हात फिरवा. एक लक्षात ठेवा, हे फक्त खऱ्या काचेला. काचेवर बारीक अक्षरात टेम्पर्ड असं लिहिलेलं असतं ते बघा. प्लास्टिकची असेल तर पेस्टने ओरखडे पडतील आणि मग कायमची धुरकट. भाड्याने मिळणाऱ्या मास्कमध्ये प्लास्टिकचे बरेच असतात, त्यामुळे उजेडाकडे धरून ओरखडे बघून मगच घ्या, लाजू नका, दुसरा मागा. काही जण लायटरने काच आतून जाळून घेतात, व्हिडिओत सोपं दिसतं, पण रबर जळतं नाहीतर काचेला तडा जातो, घरी करू नका.

घासलेला मास्क म्हणजे निम्मं काम. उरलेलं निम्मं पाण्यात उतरायच्या आधीच्या दोन मिनिटांत होतं आणि तिथेच बहुतेक लोक गडबड करतात. लहान बाळाचा शाम्पू घ्या, डोळ्याला कमी झोंबतो म्हणून, एका छोट्या बाटलीत थोडा शाम्पू थोडं पाणी करून बरोबर ठेवा. कोरड्या काचेला आतून एक-दोन थेंब लावून बोटाने सगळीकडे पसरवा, मग समुद्राच्या पाण्यात एकदाच, फक्त एकदाच बुडवून हलवून पाणी ओतून टाका आणि लगेच घाला. लोक काय करतात, फेस दिसतो म्हणून चार-चार वेळा धुतात, भांडी घासल्यासारखी काच चकचकीत करतात, म्हणजे लावलेलं सगळं धुऊन गेलं! किंवा हॉटेलवर सकाळी शाम्पू लावतात आणि दोन तासांनी बोटीतून उतरताना घालतात, तोवर ते वाळून गेलेलं असतं. थुंकीची किळस वाटते मान्य आहे, पण बाटली विसरली तर तीही चालते, पद्धत हीच, कोरड्या काचेवर, सगळीकडे, एकदाच विसळायचं. आणि एकदा लावल्यावर आतून बोट लावायचं नाही. आत हात घालून पुसलं की हातावरचं तेल, सनस्क्रीन, सगळं काचेवर जातं.

पाण्यात असताना परत वाफ धरली तर मास्क काढू नका. उभं राहून किंवा लाइफ जॅकेटवर तरंगत खालची कड जराशी उचला, दोन चमचे समुद्राचं पाणी आत येऊ द्या, तोंड खाली करून ते काचेवर फिरवा, मग मान वर करून कड उचलून पाणी सोडून द्या. डोळ्याला थोडं खारट लागेल पण काच लगेच साफ. हे पोराटोरांनाही जमतं, फक्त आधी सराव पाहिजे.

श्वासाचं तर विशेष सांगतो. नाकाने हवा सोडायची सवय आपल्याला जन्मापासूनची, आणि मास्कमध्ये नाक आत असतं, त्यामुळे प्रत्येक वेळी नाकातून सोडलेला गरम दमट श्वास थेट काचेवर. मालवणला एक गाईड आमच्या ग्रुपमधल्या काकूंना परत परत सांगत होता, "गो बाय, नाकान हवा सोडू नको, तोंडान घे तोंडान सोड," आणि काकू मान डोलवायच्या आणि परत नाकाने सोडायच्या, कारण समोर रंगीत मासा आला की माणूस आश्चर्याने नाकातूनच श्वास सोडतो! त्याला उपाय सरावाचाच. नाशिकच्या सावरकर जलतरण तलावावर किंवा तुमच्या सोसायटीच्या तलावात, तिथल्या कोचना विचारून परवानगी असेल तर, मास्क-स्नॉर्कल लावून उथळ बाजूला कठड्याला धरून नुसतं तोंड पाण्यात ठेवा आणि तोंडानेच श्वास घ्या, पोहू नका, हलू नका, फक्त श्वास. जमलं की मग कड उचलून पाणी आत घेऊन बाहेर काढायचं शिका. शाम्पू मात्र तलावात विसळू नका, बाहेर नळावर.

आणि एक फायदा बघा, नाशिकची थंडी. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात ना डिसेंबर-जानेवारीत, त्या दिवसात इथलं उघड्यावरचं पाणी समुद्रापेक्षा कितीतरी गार असतं. म्हणजे काच जास्त गार, वाफ जास्त. जो मास्क नाशिकच्या थंडीत सकाळच्या बॅचला वीस मिनिटं स्वच्छ राहिला तो अंदमानच्या कोमट पाण्यात पण राहील. ट्रिप मेची असली तरी मास्कची परीक्षा हिवाळ्यात घ्या असं मी सगळ्यांना सांगतो.

अजून एक, पाण्यात उतरताना चेहरा तापलेला नको. पावसाआधीचा तो उकाडा, जंगलातून चालत बीचवर आलेले, लाइफ जॅकेट आवळलेलं, घामाघूम, आणि तसाच मास्क चढवला तर वाफ धरणारच. आधी पाण्यात कमरेपर्यंत उभं राहा, चार ओंजळी तोंडावर मारा, जरा निवा, मग घाला. आणि मधे थांबलात की मास्क कपाळावर चढवू नका, कपाळ गरम आणि घामट असतं, मास्क गळ्यात ओढा.

आता तेलाचं. आपल्याकडे समुद्रात जायच्या आधी खोबरेल तेल चोपडायची पद्धत आहे, केस खराब होऊ नयेत म्हणून, आणि त्वचा काळी पडू नये म्हणून तोंडालाही. वर सनस्क्रीन. पावसाने ते सगळं ओघळतं आणि काचेवर येतं, रबराच्या कडेखाली जातं, मग रबर चेहऱ्यावर घसरतं आणि पाणी आत शिरतं. हा थर शाम्पूच्या एका थेंबाने जात नाही, साबण लावून नीट धुवावा लागतो. त्यामुळे कपाळ, नाकाच्या बाजू, गाल, जिथे मास्क बसतो तिथे काहीच लावू नका, मास्कखाली ऊन फारसं लागत नाही. पाठ आणि मान भाजते, तिथे क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टीशर्ट घाला, तुमच्यासाठीही बरं आणि खालच्या प्रवाळासाठीही बरं.

पाणी शिरतंय असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मिशी असते, खरं सांगतोय. मिशीच्या केसांतून पाणी झिरपतं. पूर्ण काढायची गरज नाही, नाकाच्या लगेच खालची पट्टी जिथे रबर टेकतं तेवढी बारीक करा. बायकांच्या बाबतीत कपाळावरची बट आत अडकते, एक केस अडकला तरी गळतं. आणि गळतंय म्हणून पट्टा आवळणं बंद करा, जास्त आवळला की रबर दुमडतं आणि अजून गळतं. मास्क विकत घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकेच श्वास आत ओढा आणि हात सोडा, खाली पडला नाही तर तो तुमच्या चेहऱ्याचा. ऑनलाइन मागवलात तर हीच टेस्ट घरी करा आणि नाही बसला तर परत पाठवा.

आता तिसरा प्रकार, जो पावसातच येतो आणि ज्यात मास्कचा काहीही दोष नसतो. केरळात मान्सून १ जूनच्या आसपास येतो पण अंदमानात त्याआधीच, मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि त्याच्याही आधी वादळी सरी सुरू असतात. आपल्याला नाशिकला एप्रिलचा पाऊस म्हटलं की अवकाळी, गारपीट आणि द्राक्षवाल्यांचं नुकसान आठवतं, तिकडे मात्र तो त्या दिवसांचा भागच आहे, येतो, तासभर कोसळतो, जातो. पण त्या तासाभरात ओढ्यांतून माती, पानं, सगळं समुद्रात येतं आणि किनाऱ्याजवळचं पाणी दुधट होतं. शिवाय पावसाचं गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, ते वरच तरंगतं. तुम्ही पोहताना दोन्ही थर ढवळले गेले की समोरचं सगळं थरथरतं, साखरेचा पाक पाण्यात सोडल्यावर जसे वळसे दिसतात तसं, आणि माशाची कड धड दिसत नाही. लोकांना वाटतं डोळ्यालाच काही झालं. ओळख अशी, की वरचं पाणी गार लागतं, ओठावर चव कमी खारट लागते, आणि पोहायला येत असेल तर थोडं खाली गेल्यावर एकदम स्वच्छ दिसतं.

याला उपाय म्हणजे जागा आणि वेळ बदलणं. ओढ्याच्या किंवा खाडीच्या तोंडापासून लांब जा, मोठी सर येऊन गेली की काही तास थांबा, जमलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी वारा नसताना जा, आणि भरती येत असतानाची वेळ पकडा, कारण तेव्हा बाहेरच्या समुद्राचं स्वच्छ पाणी आत येतं, ओहोटीला किनाऱ्याचा गाळ बाहेर निघतो. नैऋत्येकडून वारा सुरू झाला की पश्चिमेकडचे किनारे आधी खवळतात, हॅवलॉकचा, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपचा, राधानगर बीच त्याच बाजूला आहे, त्या दिवसात पूर्वेकडची बाजू त्यामानाने शांत मिळते. मालवण-तारकर्ली नाशिकहून गाडीने जाता येतं, तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, पण तिथलं पाणी अंदमानइतकं आरपार नसतं आणि पावसाळ्यात ते सगळं बंदच असतं, त्यामुळे पाऊस लागायच्या आत उरकलेलं बरं.

एवढा आटापिटा कशासाठी, तर खाली जे आहे त्यासाठी. काच स्वच्छ असेल तर इकडेतिकडे पोहत फिरू नका, एका प्रवाळाच्या ढिगावर तरंगत राहा, हातपाय न हलवता. पहिल्यांदा सगळे लपतात, मग हळूहळू बाहेर येतात. निळा पट्टा असलेला बोटाएवढा क्लीनर रास नावाचा मासा एकाच जागी नाचत असतो, आणि मोठे मासे येऊन त्याच्यापुढे तोंड उघडून, कल्ले पसरून थांबतात, तो आत शिरून परजीवी किडे खातो आणि बाहेर येतो. पॅरटफिश प्रवाळावरचं शेवाळ चोचीने खरवडतात त्याचा करकर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो, आणि थोड्या वेळाने त्यांच्या मागून पांढऱ्या वाळूचा धूर निघतो, ती चावलेल्या प्रवाळाचीच वाळू. बटरफ्लायफिश बहुधा जोडीने दिसतात. निमो, म्हणजे क्लाउनफिश, त्याच्या समुद्रफुलातून लांब जातच नाही, तिथेच घुटमळतो आणि तुम्ही जवळ गेलात तर अंगावर धावून येतो, एवढासा जीव! ढगाळ उजेडात रंग फिके दिसतात त्यामुळे जवळ जावं लागतं, आणि जवळून बघायचं तर काच साफच पाहिजे.

काही ठिकाणी मासे जमावेत म्हणून ब्रेड-बिस्किटं टाकतात, कृपा करून नाही म्हणा. सार्जंट मेजर नावाचे पट्टेरी मासे तेवढे शेकड्याने गोळा होतात, बाकीचे दिसतही नाहीत आणि चुऱ्याने पाणी गढूळ होतं ते वेगळंच. प्रवाळावर उभं राहून मास्क नीट करायचा नाही हेही तितकंच महत्त्वाचं. अंदमानच्या प्रवाळाने २०१० आणि २०१६ साली गरम पाण्याने पांढरं पडणं सोसलंय, जे सावरलंय ते आपल्या पायाखाली मोडायला नको. तुटलेला तुकडाही उचलून आणू नका, वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

स्पष्ट दिसण्याचा सुरक्षिततेशीही संबंध आहे. टायटन ट्रिगरफिश नावाचा मोठा मासा घरट्यावर असला की अंगावर येतो आणि चावतो. त्याची हद्द घरट्यापासून वर पसरत जाणाऱ्या शंकूसारखी असते, म्हणून वरच्या दिशेने पळायचं नाही, आडवं निघून जायचं. आणि विजा चमकायला लागल्या की काच साफ असो नसो, लगेच पाण्याबाहेर. खाडी आणि खारफुटीजवळ मगरींचे बोर्ड असतील तिथे उतरूच नका, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी खरोखर आहेत.

चष्मावाल्यांनी काच साफ असूनही पुसट दिसतंय म्हणून मास्क बदलत बसू नये, तो तुमचा नंबर आहे. पाण्यात सगळं सुमारे एक तृतीयांश मोठं आणि एक चतुर्थांश जवळ दिसतं त्यामुळे कमी नंबर असेल तर निभावतं, पण जास्त असेल तर नंबरच्या काचा बसवलेला मास्क घ्या, तयार मिळतात. चष्म्याची काडी मास्कमध्ये जात नाही, गळणारच. कॉन्टॅक्ट लेन्स घालून उतरायचं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा.

परत आल्यावर मास्क गोड्या पाण्यात चांगला भिजवून धुवा, सावलीत वाळवा, गच्चीवर उन्हात नको, सिलिकॉन पिवळं पडतं. पूर्ण वाळल्याशिवाय डबीत घालू नका, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत रबरावर काळे ठिपके येतात आणि ते जात नाहीत. आणि बंद डबीत वर्षभर राहिला की रबरातून निघालेला सिलिकॉनचा थर काचेवर परत बसतो, मागच्या वर्षी चांगला चाललेला मास्क यावर्षी पहिल्याच दिवशी पांढरा पडतो त्याचं कारण बहुतेक वेळा हेच, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात टूथपेस्टचा एक हात पुन्हा मारा आणि हाऽऽ करून तपासून मगच बॅगेत भरा.